पत्ता बदलला, पॉलिसी मागेच राहिली

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. मार्चमध्ये आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. तिथं जे मावेना, ते शहराबाहेरच्या एका स्टोरेजमध्ये ठेवलं, महिना साडेतीन हजार भाड्यानं. सागवानी दिवाण, जुना फ्रिज, वॉशिंग मशीन, पुस्तकांची अकरा खोकी, बायकोच्या पैठण्या-शालूंची ट्रंक आणि आमच्या आजोबांपासून चालत आलेला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. परवाच्या पावसात बाजूचा नाला फुगला आणि गाळ्यात पाणी शिरलं. आम्हाला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मालक म्हणतो, हे अस्मानी संकट आहे आणि करारात लिहिलंय की सामान तुमच्या जबाबदारीवर. आमची घराची पॉलिसी चालू आहे, हप्ता एकदाही चुकवला नाही. त्यात पूर येतो असं एजंटानंच सांगितलं होतं. सामान हलवल्याचं त्याला फोनवर कळवलंही होतं. आता तो म्हणतो, क्लेम बसणार नाही. मग इतकी वर्षं पैसे कशाचे भरले? आता काय करू?

भाऊ, नमस्कार.

पुढचं सावकाश वाचा, पण तीन गोष्टी आजच पाळा. गाळ्यातलं काहीही फेकू नका, कितीही वास मारत असलं तरी. फ्रिज आणि मशीन चालतं का हे पाहायला प्लग लावू नका. आणि स्टोरेजवाल्यानं ‘सामान परत मिळालं, काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली, तर करू नका. सामान ताब्यात घ्यायला सही लागतच असेल, तर त्याच कागदावर हातानं लिहा: ‘सामान पाण्यानं भिजलेल्या अवस्थेत मिळालं, भरपाईचा हक्क राखून.’ खाली तारीख आणि वेळ टाका.

आता पॉलिसीकडे येते. एजंट तेव्हा खोटं बोलला नव्हता आणि आत्ताही बोलत नाहीये, हेच यातलं दुखणं आहे. घराच्या विम्यात पूर येतो. एप्रिल 2021 पासून आपल्याकडे सगळ्या विमा कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच धर्तीची पॉलिसी देतात. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर बहुधा हेच नाव असेल. वादळ, पूर, पाणी साचून झालेलं नुकसान हे सगळं तिच्यात मूळचंच आहे, वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. इमारतीचा विमा घेतला की आतल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं, इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. ही चांगली पॉलिसी आहे, मी स्वतःच्या घरासाठी तीच घेतली आहे.

पण सामान म्हणजे काय, याची त्या पॉलिसीतली व्याख्या वाचा: तुमच्या घरातल्या वस्तू. आणि ‘यात काय बसत नाही’ या यादीत एक ओळ आहे, जी विकताना कोणी वाचून दाखवत नाही: घरातून दुसऱ्या जागी हलवलेल्या वस्तूंचं नुकसान. तुमचा दिवाण त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये होता तोवर विम्यात होता. टेम्पोत चढून सोसायटीच्या फाटकाबाहेर पडला, त्या क्षणी तो पॉलिसीतूनही बाहेर पडला. हप्ता तुम्ही नंतरही भरत राहिलात, तो मात्र जुन्या पत्त्यासाठी.

क्लेम विभागात मी 31 वर्षं काढली. पावसाळ्यात टेबलावर येणाऱ्या फायलींमध्ये ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की तुमच्या पत्राचा पहिला परिच्छेद वाचतानाच मला पुढचं कळलं होतं. माणसं हुशार असतात, कागद जपून ठेवणारी असतात. घर बदलताना गॅसचं कनेक्शन, बँकेचा पत्ता, आधार, पेपरवाला, सगळं आठवणीनं बदलतात. विम्याचा पत्ता राहून जातो, कारण ‘सामान तर आपलंच आहे ना’ असं प्रत्येकाला वाटतं. इतकं साधं, माणसाला सहज सुचणारं गृहीतक कंपन्यांनी पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत खोडून काढायला हवं, असं माझं नोकरीत असतानाही म्हणणं होतं आणि आजही आहे.

आणि भाऊ, यातून आणखी एक गोष्ट निघते, जी तुमच्या पत्रात नाही. तुम्ही आत्ता ज्या दोन खोल्यांत राहता, तिथला टीव्ही, कपाट, वहिनींचं शिलाई मशीन, यांनाही आज कसलंच संरक्षण नाही. उद्या तिथं शॉर्टसर्किटनं आग लागली, तरी हीच पॉलिसी हाच नकार देईल. शिवाय जुनी इमारत पाडली असेल, तर तुम्ही उभ्याच नसलेल्या भिंतींचा विमा भरत आहात. तेव्हा कंपनीला लिहा, इमारत पाडल्याची तारीख कळवा, पॉलिसी रद्द करून उरलेल्या काळाचा हप्ता परत मागा. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा काढता येतो, तो भाड्याच्या घराच्या पत्त्यावर लगेच काढून घ्या.

तरीही क्लेम टाका. नकार येणार हे मी जवळपास धरून चालले आहे आणि तुम्हाला उगीच आशा लावणार नाही, पण एजंटाच्या तोंडी ‘बसणार नाही’वर थांबू नका. पाणी शिरल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी क्लेम कंपनीकडे जायला हवा, त्यातले काही दिवस गेलेच. नकार द्यायचा तर कंपनीनं तो लेखी द्यावा, कुठल्या कलमाखाली हे सांगून. तुम्ही एजंटाला फोनवर कळवलं होतं म्हणता. फोनचा पुरावा उभा करणं अवघड जातं, पण मार्च-एप्रिलचे व्हॉट्सॲप मेसेज पुन्हा एकदा उघडून पाहा. ‘सामान अमुक ठिकाणी हलवलंय’ असा एक मेसेज, त्यावर त्याचा ‘ठीक आहे सर’ असा एक जबाब सापडला, तर प्रकरणात थोडा तरी जीव येतो. मग आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. नागपूरची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाचा 155255 हा फोन नंबरही आहे, तक्रार कशी नोंदवायची ते तिथं सांगतात.

माझ्या मते तुमची खरी लढाई मात्र स्टोरेजवाल्याशी आहे, आणि ती तुम्ही लढायच्या आधीच सोडून देताय असं पत्रावरून वाटलं.

‘अस्मानी संकट’ हा शब्द ऐकून हात टेकू नका. नागपुरात पावसाळ्यात नाला फुगणं हे कोणाच्या स्वप्नातही नसलेलं काही नाही. 23 सप्टेंबर 2023ची पहाट आठवा. महालक्ष्म्यांच्या विसर्जनाचा दिवस होता. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमधली माणसं झोपेतून उठून पाण्यात उतरली. त्यानंतर या शहरात नाल्याच्या काठी दुसऱ्याचं सामान भाडं घेऊन ठेवणाऱ्या माणसाला ‘पाणी येईल असं वाटलं नव्हतं’ म्हणायची सोय उरलेली नाही. त्याच्या गाळ्यात तेव्हा पाणी शिरलं होतं का, हे तुम्ही शोधून काढायचं आहे. शेजारच्या चहावाल्याला विचारा, पंक्चरवाल्याला विचारा, जुन्या वॉचमनला विचारा. तेव्हा शिरलं होतं आणि तुम्हाला गाळा देताना हे सांगितलं नाही, तर तुमची बाजू खूपच भक्कम होते.

भारतीय करार कायदा 1872चा आहे, पण या जागी अजून कामाचा. दुसऱ्याचं सामान सांभाळायला घेणाऱ्यानं, म्हणजे कायद्याच्या भाषेत बेलीनं, ते कसं सांभाळायचं हे कलम 151 सांगतं: साधारण शहाणा माणूस तशाच स्वतःच्या वस्तूंची जितकी काळजी घेईल, तितकी. आणि काळजी घेतली होती हे दाखवायचं ओझं सांभाळणाऱ्यावर येतं, कारण त्या रात्री तिथं काय घडलं हे त्यालाच माहीत असतं. आता स्वतःला विचारा, शहाणा माणूस स्वतःचा सागवानी दिवाण नाल्याशेजारच्या तळमजल्यावर थेट फरशीवर ठेवील, की खाली लाकडी पॅलेट टाकील? दाराला उंबरा बांधील? उपसा पंप ठेवील? पाणी चढताना रात्री फोन करील, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबेल?

तो फोन फार महत्त्वाचा आहे. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक अडचण आहे, तीही सांगते. कुलूप तुमचं आणि किल्ली तुमच्याचकडे असेल, तर तो म्हणेल की मी सामान सांभाळायला घेतलंच नव्हतं, नुसती जागा भाड्यानं दिली होती. या युक्तिवादात दम आहे. पण सामान घेताना त्यानं यादी केली होती का, पावतीवर ‘स्टोरेज चार्जेस’ लिहिलंय की ‘भाडं’, चोवीस तास पहारा आणि सुरक्षित साठवणूक अशी जाहिरात केली होती का, यावर बरंच ठरतं. ती जाहिरात, तो फलक, ते माहितीपत्रक, सगळ्याचे फोटो काढा. आणि किल्ली तुमच्याकडे होती म्हणून पंप बंद ठेवायची मोकळीक त्याला मिळत नाही. जागा ज्या कामासाठी दिली त्या कामाला ती लायक ठेवणं ही त्याची सेवा आहे, आणि त्याचेच तो पैसे घेतो.

बँकेच्या लॉकरचं उदाहरण लोक हटकून देतात, म्हणून थोडं त्याबद्दल. फेब्रुवारी 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॉकरमध्ये काय आहे हे माहीत नाही म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत. नंतर रिझर्व्ह बँकेनं नियम केले: आग, चोरी, इमारत कोसळणं, कर्मचाऱ्यांची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारी नाही, पण अशा आपत्तीपासून जागा जपण्याची पुरेशी काळजी बँकेनं घ्यायची आहे. हे नियम तुमच्या गाळ्याला लागू नाहीत, तेव्हा मालकासमोर ‘शंभरपट’ म्हणू नका, तो हसेल. पण विचार तोच आहे: आपत्ती देवाची असली, तरी तयारी माणसाची.

करारातल्या ‘सामान तुमच्या जबाबदारीवर’ या ओळीनं तुम्ही घाबरलात. ती ओळ जवळपास प्रत्येक छापील करारात असते. तिनं तुमचा दावा थोडा अशक्त होतो हे खरं, पण निष्काळजीपणा ढळढळीत असेल तर ग्राहक आयोग नुसत्या त्या ओळीवर मालकाला सोडून देईलच असं नाही. तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली, त्यात त्रुटी राहिली, ही सरळ ग्राहक तक्रार आहे. 2019च्या कायद्यानं ती तुम्ही राहता तिथं, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा आयोगात करता येते, स्टोरेज कंपनीचं मुख्य ऑफिस भलत्या शहरात असलं तरी. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि तुमचं भाडं तर त्याच्या कितीतरी खाली आहे. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. पुष्कळ मालक तेवढ्यानंही बोलायला तयार होतात.

पण सगळ्यात आधी त्याला एक पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, आणि त्यात एक प्रश्न विचारा जो बहुतेक लोक विचारतच नाहीत: तुमच्या गोडाऊनचा फायर पॉलिसीखाली विमा आहे का, आणि त्यात लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलेल्या मालाचा उल्लेख आहे का? फायर पॉलिसी नावाला आगीची, पण पूरही तिच्यात धरता येतो. साध्या फायर पॉलिसीत दुसऱ्याचा ठेवलेला माल तसा स्पष्ट लिहिल्याशिवाय धरत नाहीत. पण लिहिलेला असेल, तर तुमच्या नुकसानीचा क्लेम त्याच्या पॉलिसीतून होऊ शकतो, आणि तो त्यानं वेळेत टाकायला हवा. तुमच्या मासिक बिलात ‘इन्शुरन्स’ नावानं दोन-तीनशे रुपये लागत होते का, हेही पाहा. लागत असतील तर पॉलिसी नंबर आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. पैसे घेतले आणि पॉलिसीच काढली नाही, असं निघालं तर मग ‘तुमच्या जबाबदारीवर’ ही ओळ त्याच्याच गळ्यात अडकते. त्याच पत्रात सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा. ही यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड करतात, म्हणून हे पत्र आजच्या आज टाका.

आता पुराव्याचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण क्लेम असो की खटला, माणूस हरतो तो इथंच.

2023च्या त्या पुरानंतर आमच्या नात्यातल्या दोन घरांत मी स्वतः गेले होते, एकाच गल्लीत, चार दारांच्या अंतरावर. पहिल्या घरानं दुसऱ्या दिवशीच गाद्या, पुस्तकं, सोफा ओढून रस्त्यावर टाकला आणि महापालिकेची गाडी तो घेऊन गेली. त्यांना दोष कसा द्यायचा, घरात घोट्यापर्यंत काळा गाळ होता आणि म्हातारी सासू होती. पण सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान पाहणारा माणूस, आला तेव्हा त्याला दिसली धुतलेली फरशी. दुसऱ्या घरातल्या मुलीनं भिंतीवरची पाण्याची रेघ धुवू दिली नाही. चहाच्या रंगाची, बोटभर जाड रेघ होती ती, वर थोडी काडीकचरा चिकटलेली. तिनं टेप लावून जमिनीपासून त्या रेघेपर्यंतची उंची मोजली, टेपसकट फोटो काढला, आणि मग त्या उंचीच्या खालच्या प्रत्येक वस्तूचा एकेक फोटो. कपाटाचा खालचा कप्पा, वरचा कप्पा, फ्रिजच्या मागचं कॉम्प्रेसर. सर्व्हेअरनं फार प्रश्न विचारले नाहीत. रेघेखाली जे आहे ते भिजलं, याला वेगळा पुरावा लागत नाही.

तुमच्या गाळ्यात ती रेघ अजून असेल. मालकानं चुना मारायच्या आत जा, टेप घेऊन. शटरच्या बाहेरच्या बाजूची रेघही मोजा, आणि नाल्यापासून दारापर्यंतचा एक सलग व्हिडिओ काढा. शेजारच्या गाळेवाल्यांचे नंबर घ्या. तुम्ही एकटेच भिजला नसणार, आणि चार जणांनी मिळून दिलेल्या पत्राला मालक लवकर उत्तर देतो. तलाठ्याकडे किंवा महापालिकेच्या झोन ऑफिसात पंचनाम्याचा अर्ज द्या. त्या दिवसाच्या पावसाची नोंद नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे असते, तीही मागा.

वस्तूंची किंमत कशी दाखवायची? मशीनचं बिल सापडेल, पैठणीचं सापडणार नाही. मग लग्नाचे, बारशाचे, मुंजीचे अल्बम काढा. वहिनींनी ती पैठणी नेसलेला फोटो हा ‘ती होती’ याचा पुरावा आहे. आज तशीच घ्यायला किती पडेल याचं दुकानातून लेखी कोटेशन घ्या. जुन्या फ्रिजला नव्याची किंमत लावू नका. आयोगासमोर एका वस्तूची फुगवलेली रक्कम सगळ्या यादीवर संशय आणते. पुस्तकांची खोकी उघडून कण्यांचे, म्हणजे नावं दिसतात त्या कडांचे, फोटो काढा, नुसतं ‘अकरा खोकी पुस्तकं’ लिहिलं तर त्याला रद्दीचा भाव लागतो.

फोटो झाले की वाचवण्यासारखं वाचवा. नुकसान आणखी वाढू नये म्हणून धडपड करणं हे कुठल्याही दाव्यात तुमच्या बाजूनंच जातं, फक्त केलेल्या खर्चाच्या पावत्या ठेवा. ट्रंकेतल्या साड्या एकीवर एक तशाच राहू देऊ नका, एकीचा रंग दुसरीला लागतो. प्रत्येक वेगळी करून सावलीत पसरा आणि जरीच्या साड्या ड्रायक्लीनवाल्याला दाखवल्याशिवाय घरी धुवू नका. जुने फोटो एकमेकांना चिकटले असतील तर वाळायच्या आत स्वच्छ गार पाण्यात सोडा, हळूच सुटतात. एकदा वाळले की सुटत नाहीत.

पुढच्या वेळेसाठी एवढंच, की नवा फ्लॅट मिळेपर्यंत सामान कुठंतरी ठेवावंच लागेल. वरच्या मजल्यावरची जागा पाहा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. आणि त्या जागेच्या पत्त्यावर ‘घरगुती सामान’ असं लिहून फायर पॉलिसी मागा, पूर धरलेला आहे ना हे वाचून घ्या. बेसमेंट असेल तर फॉर्मवर तसं लिहा, लपवू नका. पॅकर्स-मूव्हर्स ‘इन्शुरन्स केलाय’ म्हणतात तो वाटेतला असतो. सामान गोडाऊनमध्ये उतरलं की तो सहसा संपतो.

राहिला बैल. त्याला कोणतीही पॉलिसी तुमच्या मनातली किंमत देणार नाही. पुरातन वस्तू म्हणून विमा हवा असेल, तर आधी मूल्यांकन करून तो वेगळा नोंदवावा लागतो, आणि ते कोण करतं! यादीत मात्र त्याला लिहा, आजोबांपासून चालत आलेला आहे हेही लिहा. तुमचा नातू त्याला ओढत असल्याचा एखाद्या तान्ह्या पोळ्याचा फोटो असेल तर जोडा. बैलाला उन्हात ठेवू नका, लाकूड तडकेल. गाळ ओल्या फडक्यानं पुसून काढा, चाकांचे खिळे गंजले असतील तर ते ओढून काढू नका, पंख्याच्या वाऱ्याखाली आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. मग महालात चितार ओळीत घेऊन जा. तिथं असे बैल घडवणारे, रंगवणारे अजून बसतात. पोळ्याच्या तोंडावर त्यांच्या हातांना उसंत नसते, तेव्हा थोडं आधीच गाठा. आणि दुरुस्तीची पावती न विसरता मागून घ्या.